परीक्षेचा आठवडा व आईबापांचे कर्तव्य

(वार्षिक परीक्षेपूर्वीच्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर पालकांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



उद्या सोमवारपासून आपल्या धर्मग्रामातील बहुतेक प्राथमिक शाळांतील मुलांची वार्षिक परीक्षा सुरू होत आहे. यास्तव आम्ही आपणांस मिस्सेनंतर थोडा वेळ थांबण्याची विनंती केली. एप्रिलच्या या उन्हात, घरच्या स्वयंपाकाचा खोळंबा करून आपण थांबलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. मुलांच्या पाठांविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही. ती चिंता त्यांचे शिक्षक वाहत आहेत. आम्हांस बोलावयाचे आहे ते आईबापांविषयी, आणि त्याआधी थोडे स्वतःविषयी.

पापनिवेदन ऐकणे हे आमचे नित्याचे काम. आज आपण आमचे एक निवेदन ऐकून घ्यावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच एप्रिल महिना होता. सायंकाळची घंटा झाली, लोक पांगले, आणि आम्ही देवळाची दारे लावण्यास निघालो. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशास, चौथीतला एक मुलगा बसलेला दिसला. दप्तर पाठीवर तसेच. शाळा दुपारी साडेबारास सुटलेली. घड्याळात साडेसात वाजत आलेले. "बाळा, घरी का गेला नाहीस?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "बाबा म्हणाले होते, गणितात नापास झालास तर घरी येऊ नकोस. माझी तीन गणितं चुकली, फादर."

निकाल लागावयास अद्याप पंधरा दिवस होते. मुलाने स्वतःच निकाल लावला होता व स्वतःच शिक्षाही घेतली होती. आम्ही त्याचा हात धरून त्याला घरी नेले. आई दारात शेजारणींच्या गराड्यात उभी होती. बाप दुपारपासून वडाळा आणि गुरू तेग बहादूर नगर या दोन्ही स्टेशनांवर हेलपाटे घालून, कोकरी आगरापर्यंत गल्ल्या पालथ्या घालून नुकताच परतला होता. मुलास पाहताच तो जिन्याच्या पायरीवर मट्‌कन खाली बसला. सर्व हकीकत ऐकल्यावर तो एवढेच म्हणाला, "फादर, मी असं बोललो होतो? मला तर आठवतसुद्धा नाही."

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही. बोलणारा विसरतो, ऐकणारे मूल विसरत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला होता, आणि त्या वर्षांत आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास नापास करून त्याच वर्गात ठेवता येत नसे. सरकारने जी शिक्षा रद्द केली होती ती त्या घरात रागाच्या एका शब्दाने पुन्हा चालू झाली होती.

आता आमचा वाटा सांगतो. वाटेत तो मुलगा हळूच म्हणाला, "आणि तुम्ही तर देवळात नावं वाचणार." खरे होते. निकालानंतरच्या रविवारी प्रत्येक इयत्तेतील पहिल्या तीन मुलांची नावे वेदीसमोरून वाचावी, त्यांस पुढे बोलावून बक्षीस द्यावे, सर्वांनी टाळ्या वाजवाव्या, असा आमचा प्रघात होता. हेतू चांगलाच होता. परंतु तीन मुले पुढे येत असता बाकांवर बसलेली बाकीची मुले कोठे पाहत असतील, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. जे स्थान कोणाही माणसास कधीच बंद नसावे, तेथेही गुणांची यादी आम्ही नेऊन ठेवली होती. त्या वर्षापासून ती प्रथा आम्ही बंद केली. देवाने व त्या मुलांनी आम्हांस क्षमा करावी.

ही परीक्षा मुळात कोणाची, असा प्रश्न आपण कधी स्वतःस विचारला आहे काय? इतिहास पाहिला तर उत्तर विचार करावयास लावणारे आहे. मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली झाला, आणि सक्तीचे शिक्षण प्रथम १९२५ साली महापालिकेच्या एफ व जी या विभागांत सुरू झाले. परळ, दादर, माटुंगा, वडाळा हा गिरणी-कामगारांचा व कष्टकऱ्यांचा मुलूख. आपले अँटॉप हिल आज ज्या एफ उत्तर विभागात मोडते, तो त्याच जुन्या विभागाचा भाग. म्हणजे या शहरात 'मूल शाळेत गेलेच पाहिजे' हे प्रथम आपल्याच वस्त्यांस सांगण्यात आले. पण ते सांगितले कोणास? मुलास नव्हे. सक्ती होती ती आईबापांवर, की मुलास कामास न लावता शाळेत धाडा. आणि जबाबदारी होती ती महापालिकेवर, की त्यासाठी शाळा चालवा. २००९ च्या कायद्यातही कर्तव्ये सांगितली आहेत ती शासनाची, शाळेची, शिक्षकाची व पालकाची. मुलाचा सांगितला आहे तो हक्क. ओझे मोठ्यांच्या खांद्यावर ठेवलेले असता ते आपण मुलाच्या दप्तरात सरकवून देतो, ही आमची तक्रार आहे.

त्याहूनही जुनी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुंबई इलाख्यात शाळांस सरकारी अनुदान देताना निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत होती. इन्स्पेक्टर साहेब वर्षातून एकदा येत, मुलांची परीक्षा घेत, आणि जितकी मुले उत्तीर्ण होत त्या मानाने शाळेस रक्कम मिळे. परिणाम काय झाला असेल तो आपण ओळखलाच असेल. मुलाच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या उत्तरावर पैसा लटकलेला. मग समजण्यापेक्षा घोकणे बरे, आणि मंद मूल म्हणजे तोटा! अखेर १९०४ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या शिक्षणविषयक ठरावात या पद्धतीस दोष दिला व ती सोडून देण्याचे धोरण जाहीर केले.

सरकारने सोडली, परंतु आपल्या घरांतून ती पद्धत गेली आहे काय? "नव्वदच्या वर गुण आण, तुला सायकल घेऊ." "शेजारच्या मुलीच्या मागे राहिलास तर बघ." "यंदा निकाल बिघडला तर गावी आजीकडे जाणं बंद." हे सारे निकालावर अनुदानच होय. फरक इतकाच, की येथे रुपयांऐवजी आईबापांची माया वाटली जाते. प्रेम ही निकाल पाहून मंजूर करावयाची रक्कम नव्हे. परमेश्वराने आपणांवर प्रेम केले ते आपले प्रगतिपुस्तक तपासून केले नाही. तसे असते तर आपल्यापैकी कोण उत्तीर्ण झाला असता?

यावर कोणी म्हणेल, "फादर, आता पुन्हा नापास करू लागले आहेत." होय, ते आपणांस नीट ठाऊक असावे. २०१९ साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२३ साली महाराष्ट्र शासनाने नियम बदलून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा ठरविली. त्या परीक्षेत जे मूल कमी पडेल त्यास अधिक शिकवून निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेस बसण्याची संधी द्यावयाची असते. तीतही ते कमी पडले तरच त्यास त्याच वर्गात ठेवता येते. आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे सर्वांत वाईट झाले तरी काय होईल? एक वर्ष अधिक. वर्ष भरून काढता येते. परंतु 'मी घरी जाऊ की नको' असा संशय मुलाच्या मनात एकदा शिरला, तर तो काढण्यास किती वर्षे लागतील हे आम्हांस सांगता येत नाही.

आता या आठवड्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा वाचलेले मनात पक्के होते ते झोपेतच. सकाळच्या सत्राची शाळा सातला भरते. मूल साडेपाच-सहाला उठणार. मग रात्री नवाच्या आत त्याचे अंथरूण पडले पाहिजे. आपली घरे दहा बाय बाराची. एकाच खोलीत चूल, अभ्यास व झोप. म्हणून मूल झोपावे असे वाटत असेल तर सर्व घरानेच दिवा मालवावयास हवा. एक आठवडा दूरचित्रवाणी व मोबाइल नवाच्या पुढे बंद राहिल्याने कोणाचे काही अडणार नाही.

दुसरी गोष्ट विशेषतः त्या मातांसाठी, ज्या आम्हांस म्हणतात, "फादर, माझं मूल इंग्रजी शाळेत, मला त्याचं पुस्तक वाचता येत नाही, मी काय मदत करणार?" बाई, तुम्ही पुष्कळ करू शकता. भाजी निवडत बसा आणि मुलास म्हणा, "पुस्तक मिट, आणि आज काय वाचलंस ते मला सांग." तेच पान दहा वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगणे अधिक गुणकारी, हे शिक्षणाच्या अभ्यासकांनी प्रयोगांनी दाखविले आहे. त्यासाठी ऐकणारी आई विदुषी असण्याची गरज नाही. तिचे लक्ष असले की पुरे. मूल अडखळेल तेथे रागावू नका. तेवढेच पुन्हा उघडून पाहण्यास सांगा.

तिसरी गोष्ट. दप्तर रात्रीच भरून ठेवा: दोन शिसपेन्सिली, खोडरबर, पट्टी, पाण्याची बाटली. सकाळी काही खाल्ल्यावाचून मुलास धाडू नका. चहात बुडवलेला पाव का होईना, पण बसून, घाई न करता खाऊ द्या.

चौथी गोष्ट, आणि ही कठीण. मूल पेपर देऊन आले की प्रश्नपत्रिका हातात घेऊन उलटतपासणी करू नका. झालेला पेपर आता बदलणार नाही. मात्र उद्याचा बिघडू शकतो. आधी पाणी द्या, जेवू घाला. सांगावेसे वाटेल ते मूल आपण होऊन सांगेल.

पाचवी गोष्ट शेजाऱ्यांसाठी. ज्यांच्या घरी परीक्षेचे मूल नाही त्यांनीही संध्याकाळी आवाज हळू ठेवावा. ज्यांच्या घरी अजिबात जागा नाही, त्यांच्या मुलांसाठी या आठवड्यात रोज सायंकाळी सहा ते साडेआठ आपला सभागृह उघडा राहील. आपल्यातील महाविद्यालयीन तरुण-तरुणी तेथे बसतील. मूल कोणत्या धर्माचे, कोणत्या शाळेचे, हे दारात कोणी विचारणार नाही.

प्रार्थनेविषयी दोन शब्द. परीक्षार्थी ज्यांचा धावा करतात ते कुपर्तिनोचे संत योसेफ (१६०३–१६६३) विद्येत फार कच्चे होते. त्यांना जो एकच उतारा नीट येत होता नेमका तोच परीक्षेत विचारला गेला, अशी कथा सांगतात. मुलांस ही कथा फार आवडते, कारण प्रत्येकास वाटते की आपल्यालाही तोच धडा यावा! त्यांनी हसावे व प्रार्थनाही करावी. परंतु आईबापांनी माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनास मेणबत्ती लावताना गुणांचा सौदा करू नये. मुलास धीर दे, आणि आम्हांस शांत जीभ दे, एवढे मागावे.

संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८) यांनी आयुष्य गरीब मुलांत घालविले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे मंदिर येथून जवळच, माटुंग्यास आहे. १८८४ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांस बजावले, की मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही. ते प्रेम मुलांस जाणवले पाहिजे. त्या बापाचे आपल्या मुलावर प्रेम नव्हते काय? दोन स्टेशने पायी पालथी घालणारा बाप तो! परंतु मुलास ते ठाऊक नव्हते, म्हणून मूल देवळात बसून राहिले.

संत लूकच्या शुभवर्तमानातही एक मूल घरी परतले नव्हते. मरिया व योसेफ यांनी बारा वर्षांच्या येशूस तीन दिवस शोधले, आणि तो मंदिरात पंडितांमध्ये सापडला. आईने आपले दुःख सांगितले, मुलाने आपले म्हणणे सांगितले. ते तिला तेव्हा उमगलेही नाही. तरीही तिघे मिळून नाझरेथला घरी गेले. सगळे उमगेपर्यंत त्यांनी घराचे दार अडवून धरले नाही.

त्या चौथीतल्या मुलाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. गणितात त्यास किती गुण मिळाले हे आम्ही विचारले नाही. परंतु पुढच्या वर्षी गणिताच्या पेपराच्या दिवशी त्याचा बाप अर्ध्या दिवसाची रजा काढून शाळेच्या फाटकाशी उभा असलेला आम्ही पाहिला. हातात कागदात गुंडाळलेले दोन वडापाव होते. मुलगा बाहेर आला. बापाने पेपराविषयी एक शब्द विचारला नाही. दोघे खात खात घरी गेले.

आमची आपणांस एवढीच विनंती आहे. या वर्षी बक्षीस द्यावयाचे ते निकालापूर्वी द्या. शेवटचा पेपर संपेल त्या दिवशी मुलास जवळ घ्या, काही गोडधोड करा, आणि त्यास स्पष्ट शब्दांत सांगा की निकाल काहीही लागो, हे घर तुझे आहे. आपल्या धर्मग्रामाच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात देवळास नवा रंग लागला, दिवे लागले. आमच्या मते महोत्सवाचा खरा दिवा तो, जो संध्याकाळी मुलाची वाट पाहत दारात जळतो.

परमेश्वर आपल्या मुलांस व आपणांस आशीर्वाद देवो.