आधी माप, मग यंत्र



वर्धा नदीच्या काठावर, रुक्मिणीमातेच्या माहेरी कौंडण्यपूरला तुम्ही तंत्रशिक्षकांनी मला अध्यक्षपदी बसवलंत. परंपरा सांगते की 1594 पासून या गावची पालखी पंढरपूरला पायी जाते. त्या पायवाटेला आधी नमस्कार करतो आणि विषयाकडे वळतो.

समोरची नदी ओलांडली की आर्वी तालुका लागतो आणि तसंच पुढे गेलं की सेवाग्राम. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवलं आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत काढणाऱ्या मुलाने सुताची लांबी मोजायची, वजन करायचं, त्यावरून नंबर काढायचा, धागा तुटला तर का तुटला ते शोधायचं, अशी ती कल्पना होती. पण बऱ्याच शाळांनी टकळी ठेवली आणि मोजणं सोडून दिलं. मग सूतकताई ही वेळापत्रकातली एक तासिका होऊन बसली, आणि पुढे तीही गेली.

आज टकळीच्या जागी थ्रीडी प्रिंटर आला आहे, म्हणून हा इतिहास सांगतो. अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला 20 लाखांचं अनुदान, देशभरात 10 हजार शाळा. आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी 50 हजारांची घोषणा झाली. पैसा आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी पाहिलेल्या कित्येक शाळांत प्रिंटर कुलपात असतो. पाहुणे आले की बाहेर निघतो आणि इंटरनेटवरून उतरवलेली एखादी फाइल, बहुतेकदा किचेन नाहीतर गणपतीची मूर्ती, छापून दाखवतो. मूल पाहत उभं असतं. त्याने काही ठरवलेलं नसतं, काही मोजलेलं नसतं. असं यंत्र शाळेत असून काय उपयोग?

याच्या उलट वाट आपल्याच राज्यात दाखवली गेली आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी उभा केलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्य मंडळाने स्वीकारला. आठवड्यातला एक दिवस मुलं अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार विभागांत हातांनी काम करतात, आणि जे करतात ते गावाच्या उपयोगाचं असतं. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, तिथे आली 2002 मध्ये. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. पाबळच्या मुलांच्या हाताला वेल्डिंगची, सुतारकामाची, मोजमापाची सवय लागली त्याला तेव्हा 19 वर्षं झाली होती. संगणकावर चालणारं यंत्र त्या सवयीवर येऊन बसलं, म्हणून ते तिथे रुजलं. आपल्या योजना यंत्रापासून सुरू होतात. माझी तक्रार एवढीच आहे.

आता वर्गातलं सांगतो. मी नववीला एक पाठ घेतो. आपल्याकडे पेरणीला तिफण होती. चाड्यात मुठीने बी सोडायचं आणि ते नळ्यांतून फणामागे पडायचं. किती बी पडावं हे मूठ ठरवायची. आता टोकण यंत्रात हे काम भोकं पाडलेली चकती करते. मी मुलांना तुरीचे 25 दाणे देतो आणि व्हर्निअर कॅलिपर देतो. संगणक बंद असतो. प्रत्येक दाणा मोजायचा, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान लिहून ठेवायचा. मग कागदावर चकती काढायची आणि त्यानंतर संगणक लावायचा.

पहिली चकती नेहमी फसते. मुलांनी भोक 7 मिलिमीटरचं काढलेलं असतं आणि छापून आल्यावर ते त्याहून थोडं लहान भरतं, कारण वितळलेल्या प्लास्टिकचा धागा आत पसरतो. मोठा दाणा अडकतो. मुलं भोक वाढवतात, तर एका भोकात दोन दाणे बसतात. तिसऱ्या वेळी एका मुलीने भोक पहिल्याइतकंच ठेवलं आणि वरची कड उतरती केली. दाणा घरंगळत आत गेला. चित्रातलं माप आणि हातातलं माप यांत फरक राहतो, तो आधीच धरून चालायचा असतो, हे ती त्या दिवशी शिकली. कारखान्यात यालाच टॉलरन्स म्हणतात. गावच्या सुताराला हे माहीत होतं. दांडा लाकडात ठोकताना तो किती सूट ठेवायची ते बोटांनी जाणायचा.

यंत्राला दिलेली फाइलही मी मुलांना उघडून वाचायला लावतो. जी-वन म्हणजे सरळ रेषेत चाल, पुढे एक्स आणि वाय. नववीच्या गणितातली निर्देशक भूमिती तिथे प्रत्यक्ष चालताना दिसते. मधेच लाईन गेली की 200 थरांतला 140 वा थर तसाच राहतो, तेव्हा काम कुठून पुन्हा धरायचं तेही शिकावं लागतं. आणि पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. वैशाखात वावरात पत्र्याच्या पेटीत ठेवलेली चकती वाकते. हे पुस्तकात नाही, वऱ्हाडात आहे.

इंग्लंडने 1990 मध्ये रचना आणि तंत्रज्ञान हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणला. तिथल्या जीसीएसई परीक्षेत या विषयाचे निम्मे गुण मुलाने स्वतः रचून घडवलेल्या कामाला असतात. आपल्याकडे प्रात्यक्षिकाची वही तपासली जाते, फसलेली चकती कोणी पाहत नाही. फसलेल्या तुकड्यांना आणि ते का फसले याच्या नोंदीला गुण मिळाले पाहिजेत.

हे सगळं आताच कशासाठी? अमरावतीजवळ नांदगाव पेठला 1000 एकरांवर वस्त्रोद्योग पार्क उभा राहतो आहे. सप्टेंबर 2024 मध्ये वर्ध्यातून त्याची पायाभरणी झाली. पंचकार्डांवर चालणारा जॅकार्डचा माग 1800 च्या सुमारास आला. सांगितलेल्या खुणांवर चालणाऱ्या यंत्राचा मूळपुरुष कापडाच्याच धंद्यातला. आपल्या पऱ्हाटीचं कापड आपल्याच जिल्ह्यात विणलं जाणार असेल, तर त्या यंत्रांपुढे आपली मुलं फक्त बटण दाबायला उभी राहू नयेत.

शासनाकडे मागणं मोजकं आहे: सलग तीन तासिका, दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे, आणि तंत्रशिक्षकाची रिक्त जागा रिक्त न ठेवणं.

आणि तुमच्याकडे एक. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात प्रिंटर लावू नका. मुलांना घरून मोडलेली एक वस्तू आणायला सांगा, आणि त्यांच्या हातात कॅलिपर द्या.