चित्रात नसलेला हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं दुकान सात फूट रुंद आणि नऊ फूट खोल. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत, पांढऱ्या मातीच्या माळवदी घराचा तो पुढचा भाग. आम्ही मण्यार. आजोबांपासून बांगड्यांचा धंदा. सकाळी त्या जागेत दुकान असायचं. दुपारी तिथेच अब्बांची चटई अंथरली जायची, तिथेच नमाज, तिथेच जेवणाचा डबा आणि घटकाभर डोळा लागणं. चार वाजता पुन्हा दुकान. एवढ्याशा जागेत हे सगळं चालायचं ते एका फळीच्या जोरावर. ती फळी मिटायची. आज त्या फळीबद्दल बोलायचं आहे.

जुनी फळी साधी होती. भिंतीला बिजागऱ्या, आणि खाली दोन तिरक्या काठ्यांचा टेकू. काठ्या काढल्या की फळी खाली लोंबायची, भिंतीला चिकटून बसायची. काठ्या हरवायच्या, मुलं खेळायला पळवायची. मी तेव्हा, म्हणजे १९९० साली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कविता लिहायला लागलो होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय. मी म्हटलं, अब्बा, काठ्या कशाला? लोखंडाचा मिटणारा टेकू करू. वहीत चित्र काढलं. पट्टीचे दोन तुकडे, मध्ये रिव्हेट. आपल्या हाताला कोपर असतं तसा. कोपर सरळ केलं की टेकू उभा, दुमडलं की फळी खाली. गावातल्या लोहारानं चित्राबरहुकूम दोन टेकू करून दिले. फळी बसली. पेठेतले लोक बघायला आले. अब्बाही खूश होते.

पुढे श्रावण लागला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला बायकांची कशी झुंबड असते, हे श्रोत्यांतल्या भगिनींना सांगायला नको. दुपारची झोप आटोपून अब्बांनी फळी उघडली. उजव्या बाजूचं कोपर पुरतं सरळ झालं. डाव्या बाजूचं जरासं वाकडंच राहिलं. दिसायला दोन्ही सारखेच. अब्बांनी माल मांडला. हिरव्या बांगड्यांच्या चळती, दोन-चार, दोन-सहा, अशा मापाप्रमाणे. एका बाईंनी पिशवी फळीवर टेकवली. डावं कोपर दुमडलं आणि फळी खाली आली. अब्बांनी सवयीनं खालून हात घातला. लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये त्यांचा उजवा अंगठा सापडला.

काचेचा खच पडला. बायका म्हणाल्या, "वाढल्या हो, वाढल्या!" आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. पण त्या दिवशी जे फुटलं होतं, त्याला वाढलं म्हणणारा शब्द नव्हता.

बांगडी भरणं ही अंगठ्याची कला आहे. समोरच्या हाताचा अंगठा तळव्यात दुमडायचा, त्याच्या मुळाशी आपल्या अंगठ्यानं हलका दाब द्यायचा, आणि हाड सरकलं त्या क्षणी बांगडी पुढे न्यायची. दुखता कामा नये आणि काच तडकता कामा नये. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच. पण अब्बांना माप लागायचं नाही, हात हातात घेतला की कळायचं. त्यांचा अंगठा बरा झाला, सांधा मात्र पुन्हा वाकला नाही. त्यानंतर त्यांनी कुणाच्या हातात बांगडी भरली नाही. थोरल्या भावानं शिक्षण सोडून ते काम घेतलं, अब्बा डाव्या हातानं हिशेब लिहू लागले.

मला ते रागावले नाहीत. तेच जड गेलं. आठवड्यानं त्यांनी माझी वही मागितली, ते चित्र बराच वेळ बघितलं. घरात आम्ही दखनी बोलतो, मराठीत सांगायचं तर ते म्हणाले, "चित्र चांगलं आहे. यात फळी आहे, माल आहे. फक्त हात कुठे नाही."

मग ती फळी दुरुस्त करायला मी पेठेतल्या एका वृद्ध सुतारांकडे जाऊन बसलो. त्यांनी पहिल्यांदा आमच्या घरची रेहल मागवली. कुराण ठेवायची लाकडी घडवंची म्हणजे रेहल. ती एकाच फळीतून कोरलेली असते, तिला ना खिळा, ना बिजागरी. उघडली की कात्रीसारखी होते. त्यांनी ती उघडली, तळव्यानं दाबली आणि म्हणाले, "बघ, वजन आलं की ही आणखी उघडायला बघते आणि आपल्याच लाकडावर अडते. वजन हिला घट्ट करतं. तुझ्या टेकूला वजन मिटवतं. एवढाच फरक."

तो फरक मी तीस-पस्तीस वर्षं मनात घोळवतो आहे. माझं कोपर नेमकं सरळ रेषेत उभं राहायचं, नुसत्या रिव्हेटच्या घट्टपणावर. रेषेच्या अलीकडे थोडं जरी राहिलं, तरी वरचा भार त्याला दुमडायचाच. उपाय सोपा होता. कोपर सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊ द्यायचं आणि तिथे अडणी द्यायची. मग जितका भार जास्त, तितकं कोपर अडणीवर दाबलं जातं. मिटायचं झालं तर आधी फळी हातानं उचलावी लागते. म्हणजे फळीवर माल असताना ती सहज मिटतच नाही. आता बाजारात तयार मिळणाऱ्या मिटत्या ब्रॅकेटांतही असंच काही असतं. कुठे खाच असते, कुठे दाबायची कळ. जिथे दोन्ही नसतं, तो ब्रॅकेट मी दुकानातच परत ठेवतो.

दुसरी चूक भिंतीतली. फळी नुसती खाली दाबत नाही, ती भिंतीतला वरचा स्क्रू बाहेर ओढते. हिशेब करून बघा. फळी बारा इंच खोल आहे आणि एका टेकूच्या वाट्याला बारा किलो माल येतो. माल सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर त्याचा भार भिंतीपासून सहा इंचांवर आहे असं धरायचं. टेकूची उभी बाजू आठ इंच असेल तर वरच्या बाजूला नऊ किलोची ओढ बसते. तीच बाजू चार इंचांची केली तर ओढ होते अठरा किलो. आणि तोच भार फळीच्या पुढच्या कडेला आला तर छत्तीस! गिऱ्हाईक कोपर टेकतं, पिशवी ठेवतं, मूल लोंबकळतं, ते सगळं पुढच्या कडेलाच. म्हणून टेकूची उभी बाजू आखूड करून लोखंड वाचवू नये. आमची भिंत तर मातीची. तिच्यात स्क्रू काय धरणार? सुतारांनी सागाच्या दोन उभ्या पट्ट्या जमिनीपासून तुळईपर्यंत ठोकल्या आणि टेकू त्यांच्यावर बसवले. पक्क्या भिंतीतही गिलाव्यात नव्हे, विटेत गिट्टी बसली पाहिजे.

तिसरी गोष्ट दोन टेकूंमधल्या अंतराची. पैसे वाचवायला लोक टेकू लांब लांब लावतात. माल सारखाच पसरलेला असला तरी अंतर दुप्पट केलं की फळीचा झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर झोल आठव्या हिश्शावर येतो. बांगड्या गोल. फळीला झोल आला की त्या मधे धावतात. म्हणून आम्ही तिसरा टेकू दिला आणि पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी मारली.

चौथी गोष्ट अब्बांची. टेकू मिटला तरी पट्ट्यांमध्ये बोटभर फट राहिली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. कडा कानशीनं गोल करून घेतल्या. आणि कोपराजवळ, पुरतं उघडल्यावर झाकला जाईल अशा जागी, तांबडा रंग लावला. घरात नियम झाला: तांबडं दिसलं तर माल नाही.

मला वाटतं, मिटणाऱ्या वस्तूचा सगळा धोका या एकाच जागी असतो. पुरती उघडलेली फळी सुरक्षित, पुरती मिटलेलीही सुरक्षित. अर्धवट उघडलेली फळी उघडल्यासारखी दिसते, ती घात करते. रेल्वेचा बर्थ आठवा. जून २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत खाली झोपलेल्या प्रवाशावर वरचा बर्थ कोसळला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. बर्थ मोडलेला नव्हता, साखळी नीट अडकवली गेली नव्हती, असं रेल्वेनं सांगितलं. तसं असेलही. पण साखळी नीट अडकली आहे की नाही हे झोपणाऱ्या माणसाला लांबून दिसावं, हीही करणाऱ्याचीच जबाबदारी नाही का? माणूस घाईत असतो, दमलेला असतो, दुपारच्या झोपेतून नुकता उठलेला असतो. तो चुकणारच असं धरून वस्तू घडवायची असते. माझ्या चित्रात माल मांडणारा माणूस नव्हता, मग त्याची झोप कुठून असणार?

घरात भांडी लावायच्या फळ्यांना आपण मांडणी म्हणतो. कवितेच्या बाबतीतही हाच शब्द वापरतो. त्या वहीत पुढे मी पुष्कळ कविता लिहिल्या. पण ते पान फाडलं नाही.

अब्बा २००९ साली गेले. शेवटपर्यंत फळी उघडली की माल मांडण्याआधी ते तिच्या पुढच्या कडेवर तळवा ठेवून अंगाचा भार द्यायचे. अंगठा वाकत नसल्यामुळे तो बाजूला ताठ राहायचा. आता दुकान पुतण्या चालवतो. मागच्या वर्षी त्यानं नव्या फळ्या बसवल्या, तयार ब्रॅकेटच्या. मी बघायला गेलो. त्यानं फळी उघडली, कडेवर तळवा ठेवून भार दिला. त्याचा अंगठा चांगला वाकतो. तरी तो त्यानं ताठ, बाजूला धरला होता.

"असा का धरतोस?" मी विचारलं.

"दादा असेच दाबायचे ना," तो म्हणाला, "पद्धत आहे ती."

मी त्याला बसवलं आणि नागपंचमीच्या आदल्या दिवसाची सगळी गोष्ट सांगितली. चित्र कुणी काढलं होतं, तेही सांगितलं. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं उठून बाहेर गेला आणि शेजारच्या दुकानातून तांबड्या रंगाची लहान डबी घेऊन आला.