सागरतळाची सफर : आधी परतीचा विचार



कोकण किनाऱ्यावरील जाणता दर्यावर्दी समुद्रात होडी लोटण्यापूर्वी परतीच्या वाऱ्याचा अंदाज घेतो. मासळी किती मिळेल, हा प्रश्न त्याच्या मनात नसतो असे नव्हे. परंतु होडी सुखरूप बंदराला लागणार असेल, तरच त्या मासळीला मोल आहे, हे तो पुरते जाणून असतो. सुट्टीत समुद्राच्या पोटात उतरू इच्छिणाऱ्या पर्यटकाने त्याचा हा धडा प्रथम गिरवावयास हवा.

एके काळी पाण्याखाली उतरणे हे नौदलातील पाणबुड्यांचे किंवा मोती काढणाऱ्यांचे काम मानले जाई. आता मालवण-तारकर्ली, कर्नाटकातील मुर्डेश्वरनजीकचे नेत्राणी बेट, लक्षद्वीप आणि अंदमान येथे सामान्य कुटुंबेही या हौसेने जाऊ लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र अशा सहलीचा बेत बहुधा निवासाचे दर आणि छायाचित्रांची हौस येथून सुरू होतो. वास्तविक तो सुरू व्हावयास हवा शेवटच्या दिवसापासून, म्हणजे परतीच्या प्रवासापासून. असे का, हे समजण्यासाठी पाण्याखाली शरीरात काय घडते, ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

पाण्याचा दाब आणि माणसाचा श्वास

जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये असे उपकरण सिद्ध केले की, पाणबुड्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढ्याच दाबाने श्वास घेता येऊ लागला. आजच्या स्कूबा डायव्हिंगचा पाया तोच. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. हौशी पर्यटकाच्या टाकीत सामान्यतः दाबून भरलेली साधी हवाच असते, आणि हवेत नायट्रोजनचा वाटा सुमारे ७८ टक्के असतो.

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो. १० मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट, २० मीटरवर तिप्पट होतो. त्या प्रमाणात टाकीतील हवाही लवकर संपते. १० मीटर खोलीवर छाती भरून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर आला, तर तीच हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होते. यास्तव स्कूबाचा पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखून धरू नये. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. तिसरा कानांचा : खाली उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडावी आणि कानांवरील दाब वरचेवर समतोल करावा. सर्दी झाली असता हे साधत नाही. त्या दिवशी पाण्यात न उतरणे हेच शहाणपण.

आता नायट्रोजनविषयी. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो. पाणबुड्या हळूहळू वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई झाली, तर मात्र गोटी सोड्याची बाटली फोडताच बुडबुडे उसळावेत, तसे ते शरीरात उठतात. सांधेदुखी, बधिरता, भोवळ, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे होत. पुष्कळांना ठाऊक नसते ते असे की, पाण्याबाहेर आल्यावरही कित्येक तास हा नायट्रोजन शरीरात शिल्लक असतो. अशा वेळी विमानात बसल्यास तेथील कमी दाबामुळे हीच व्याधी उद्भवू शकते. म्हणून एकदाच उतरलेल्याने किमान १२ तास आणि अनेकदा उतरलेल्याने किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. पूर्ण एक दिवस मोकळा ठेवणे सर्वांत सुरक्षित.

हा नियम केवळ विमानालाच लागू आहे, असे नाही. मालवणहून देशावर परतणाऱ्यांना घाट चढावा लागतो, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. उथळ पाण्यातील एका डुबकीनंतर याची फारशी चिंता नसते. परंतु दोन-तीन दिवस खोल पाण्यात उतरलेल्याने तो मुक्काम किनाऱ्यावरच करून दुसऱ्या दिवशी घाट चढावा, हे इष्ट.

एका कुटुंबाचा बेत

हे सारे प्रत्यक्ष नियोजनात कसे उतरवावे, यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. साताऱ्यातील एक चौकोनी कुटुंब अंदमानला जाऊ इच्छिते. वडील ४८ वर्षांचे असून रक्तदाबाची गोळी घेतात. आईला पोहता येत नाही. मुलगी १९ वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी. मुलगा ९ वर्षांचा. चौघांची इच्छा एक. परंतु चौघांचा बेत एक असू शकत नाही.

वडिलांनी तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जावयास हवे. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाकडून प्रकृतीविषयीचा अर्ज भरून घेतला जातो. त्यात दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाच्या शस्त्रक्रिया, गर्भारपण, चालू औषधे यांची विचारणा असते. येथवर आलो आहोत, पैसे भरले आहेत, या विचाराने पुष्कळजण ‘नाही’ या शब्दावर खूण करून मोकळे होतात. हा अर्ज संस्थेच्या सोयीसाठी नसून भरणाऱ्याच्या जिवासाठी आहे. रक्तदाब आटोक्यात असेल, तर डॉक्टर अनुमती देऊही शकतात. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा, बंदरावर उभ्या असलेल्या उत्साही पर्यटकाचा नव्हे.

आईला पोहता येत नसले, तरी प्रशिक्षकाचा हात धरून उथळ पाण्यातील परिचयाची डुबकी तिला घेता येईल. अशा डुबकीची मर्यादा सामान्यतः १२ मीटर असते. नवख्या माणसाला तेवढे खोल जाण्याची गरजही नसते. मुलगी तीन-चार दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून १८ मीटरपर्यंत उतरण्याचे प्रमाणपत्र मिळवू शकते. मुलाला मात्र थांबावे लागेल, कारण समुद्रातील प्रशिक्षणासाठी वयाची अट सामान्यतः १० वर्षांची आहे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहण्याचा आनंद त्याला देता येईल. त्याचे वय वाढवून सांगणे हे प्रेम नव्हे.

आता दिवसांची मांडणी. पहिला दिवस श्री विजयपुरम येथे पोहोचून विश्रांतीचा. पोर्ट ब्लेअरचे हे नाव २०२४ पासून रूढ झाले आहे. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. तेथे प्रशिक्षणाचा प्रारंभ. तिसरा, चौथा आणि पाचवा दिवस समुद्राचे; त्यांपैकी एका सकाळी आईची आणि, डॉक्टरांची अनुमती असल्यास, वडिलांची डुबकी. सहावा दिवस कोरडा. त्या दिवशी कोणीही पाण्याखाली उतरावयाचे नाही. सकाळी राधानगर किनाऱ्यावर फेरफटका मारून बोटीने परतावे आणि सेल्युलर जेलचे दर्शन घ्यावे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात जेथे बंदिवान होते, ती वास्तू पाहिल्यावाचून मराठी माणसाची अंदमानची यात्रा पुरी होत नाही. सातव्या दिवशी विमान. अशा रीतीने शेवटची डुबकी आणि विमान यांमध्ये दिवसाहून अधिक अवधी राहतो.

ऋतू, स्थळ आणि चौकशी

अंदमानचा समुद्र जानेवारी ते एप्रिल या काळात बहुधा शांत असतो. मालवणला पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात. पावसाळ्यातील गाळ खाली बसला की नोव्हेंबरपासून पाणी निवळू लागते. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागत असल्याने तयारी बरीच आधी करावी. पहिल्या अनुभवासाठी दूर जावयास हवे, असेही नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे हात बसल्यावर अंदमानचा खर्च केला, तर तो अधिक सार्थकी लागतो.

संस्था निवडताना दराआधी चार प्रश्न विचारावेत. एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक असतात? होडीवर प्रथमोपचाराचा ऑक्सिजन आहे काय? टाक्यांची तपासणी वेळच्या वेळी होते काय? अपघात झाल्यास जवळचा दाबकक्ष कोठे आहे? या प्रश्नांची उत्तरे जेथे मोकळेपणाने मिळतात, तेथे थोडे अधिक पैसे देण्यात तोटा नाही. वारा वाढल्यास सफर रद्द करून पैसे परत मिळतील काय, हेही विचारून ठेवावे; म्हणजे बिघडलेल्या हवेत उतरण्याचा मोह होत नाही.

प्रवाळाचे घर

परतीचा विचार केवळ पर्यटकाचाच नव्हे. तो परतल्यावर मागे काय उरते, हाही त्याचा भाग आहे. प्रवाळ हे दगड नव्हेत. ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असते. गोलाकार प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. पायाच्या एका धक्क्याने अनेक वर्षांची वाढ मोडते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी त्यांच्यातील शैवाल निघून जाते आणि ते पांढरे पडतात. अंदमानने १९९८ व २०१० मध्ये हे संकट सोसले. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहेत, आणि तेथील सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे.

यास्तव पाण्याखाली हात आवरून राहावे, तळाला पाय टेकू नये, माशांना खाऊ घालू नये, होडीचा नांगर प्रवाळावर पडू देऊ नये. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणणे तर कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने दगडी प्रवाळांना सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे.

साताऱ्याच्या त्या कुटुंबाकडे पुन्हा वळावे. डॉक्टरांनी नकार दिला, तर वडील किनाऱ्यावर मुलाचा हात धरून उभे राहतील. त्यांना थोडी हुरहुर वाटेल. परंतु मायलेकी पाण्याबाहेर येतील, तेव्हा त्यांचे अनुभव ऐकावयास ते तेथे असतील, आणि सातव्या दिवशी चौघेही एकत्र घरी निघतील. समुद्र कोठे जात नाही. एखादी डुबकी हुकली, तर ती पुढल्या वर्षी घेता येते. पुढल्या वर्षी सारेजण पुन्हा एकत्र किनाऱ्यावर येतील, अशी सोय करून ठेवणे, यालाच नियोजन म्हणतात.