काम सगळ्यांना दिसलं पाहिजे

(प्रभागसंघाच्या सभेत ‘समूहाच्या कामाचं नियोजन’ या विषयावर झालेलं भाषण. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी मोबाईलवरच्या एका फळ्याबद्दल बोलणार आहे. पण आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या ग्रामसंघाला उद्या मोठी ऑर्डर मिळाली, तर कोणी काय करायचं आणि कुठवर काम आलं, हे कोणाला माहीत असेल? बहुतेक गावांत उत्तर एकच येतं: सचिव ताईला. सगळं तिच्या डोक्यात, नाहीतर तिच्या फोनमध्ये. ती आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं, की काम थांबतं. आणि ऑर्डर बुडाली की बोलणी कोणाला बसतात? तिलाच.

बचतीच्या बाबतीत आपण असं करत नाही. साप्ताहिक बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. पैसा सगळ्यांसमोर मोजला जातो, वही सगळ्यांसमोर वाचली जाते. म्हणून आपला एकमेकींवर विश्वास आहे. मग कामाची वही सगळ्यांसमोर का नको?

आपण म्हणतो, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे की. आहे, आणि तो बोलायला चांगला आहे. पण सकाळी दहाला कोणी लिहिलं ‘खोके मी आणते’, की दुपारपर्यंत त्यावर चाळीस गुड मॉर्निंग आणि वाढदिवसाचे केक येऊन पडतात. आठ दिवसांनी खोके आणायचे कोणी ठरवलं होतं, ते शोधत बसावं लागतं. बोलणं वाहून जातं. ठरलेलं काम एका जागी टिकून राहिलं पाहिजे.

त्यासाठी ट्रेलो नावाचं ॲप आहे. ते 2011 साली सुरू झालं, आणि आपल्या कामापुरतं फुकट वापरता येतं. त्यात एक फळा असतो. फळ्यावर रकाने आणि रकान्यात कार्डं. एका कामाचं एक कार्ड. काम पुढे सरकलं की बोटाने कार्ड पुढच्या रकान्यात सरकवायचं. एवढंच आहे. कार्डावर नाव, तारीख, फोटो आणि छोट्या कामांची यादी टाकता येते.

ही पद्धत मुळात कॉम्प्युटरवाल्यांची नाही. जपानमध्ये टोयोटाच्या मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी कार्डांची पद्धत बसवली. सुटे भाग वापरून संपले की त्यांच्यासोबतचं कार्ड मागे जायचं, म्हणजे मागच्या माणसाला कळायचं की आता एवढे भाग बनव. त्या कार्डाला जपानीत कानबान म्हणतात. म्हणजे कारखान्यातल्या कामगारांसाठी निघालेली युक्ती आहे, आपल्याला न जमण्यासारखं त्यात काही नाही.

आपण उदाहरण घेऊ. समजा, शहरातल्या एका कार्यालयाने दिवाळी फराळाचे 200 खोके सांगितले. प्रत्येकात चकली, चिवडा, शंकरपाळी आणि बेसन लाडू, अर्धा-अर्धा किलो. म्हणजे प्रत्येक पदार्थ 100 किलो. चार समूहांनी एकेक पदार्थ घेतला. माल सोमवारी पोचवायचा आहे.

आता तारखा उलट्या मोजा. सोमवारी पोच, तर शनिवार-रविवार पॅकिंग. मंगळवार ते शुक्रवार तळण आणि लाडू, रोज 25 किलो. मंगळवारी चकली सुरू करायची तर भाजणी सोमवारी दळून यायला हवी, रविवारी भाजून व्हायला हवी, शनिवारी तांदूळ धुऊन वाळायला हवेत. म्हणजे किराणा शुक्रवारीच घरात पाहिजे. पाऊस रेंगाळला असेल तर आणखी एक दिवस आधी. बघा, पोच सोमवारी, आणि पहिलं काम त्याच्या दहा दिवस आधीच्या शुक्रवारी. तोंडी ठरवताना हे दहा दिवस दिसत नाहीत. फळ्यावर दिसतात.

फळ्यावर चार रकाने करा: करायचं आहे, चालू आहे, अडलं आहे, झालं. मग कार्डं लिहा. ‘चकलीचा किराणा’. ‘भाजणी दळणे’. ‘19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर’, कारण घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. ‘लेबल छापणे’, आणि त्या कार्डात यादी: पदार्थाचं नाव, त्यातले घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, आपला पत्ता आणि अन्न नोंदणीचा 14 अंकी क्रमांक. एक गोष्ट झाली की एक टिक.

आता नियम सांगते. चारच आहेत.

पहिला, एका कार्डावर एकच नाव. हात दहा जणींचे लागतील, पण जबाबदारी एकीची. ‘सगळ्या मिळून बघू’ असं लिहिलेलं काम कोणीच बघत नाही.

दुसरा, कार्डावर तारीख पाहिजेच. ‘लवकर’ ही तारीख नव्हे.

तिसरा, ‘झालं’ म्हणजे काय ते आधी ठरवा. लेबल छापायला टाकली म्हणजे झालं नाही. लेबल हातात आली, त्यावरचा क्रमांक तपासला, म्हणजे झालं. तिथेच फोटो काढून कार्डावर टाका.

चौथा, एका बाईच्या नावावर ‘चालू आहे’मध्ये एका वेळी दोनपेक्षा जास्त कार्डं नकोत. तिसरं काम आलं तर ते दुसरीला द्या. कार्डं मोजली की लगेच दिसतं, कोणावर ओझं पडलंय आणि कोणाला अजून काहीच दिलेलं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘अडलं आहे’ हा रकाना. आपल्याकडे काम अडलं की बाई गप्प बसते. चक्कीवाल्याने दोन दिवसांनी या म्हटलं, ती मनात कुढते आणि कोणाला सांगत नाही. वाटतं, मला जमलं नाही असं म्हणतील. शेवटच्या दिवशी कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते. त्याच दिवशी तिने कार्ड ‘अडलं’मध्ये सरकवलं, तर शेजारच्या गावातली ताई म्हणेल, आमच्या चक्कीवर घेऊन ये. म्हणून पदाधिकारी तायांना हात जोडून सांगते, अडलेल्या कार्डावरून कोणाला रागावू नका. एकदा रागावलात की पुढच्या वेळी तो रकाना रिकामा राहील आणि काम तरीही अडलेलं असेल. अडलेलं कार्ड दिसलं की पहिला प्रश्न एवढाच विचारा: काय मदत पाहिजे?

आता तुमच्या मनातले प्रश्न.

‘माझ्याकडे फोन नाही’, किंवा ‘फोन मुलाच्या हातात असतो’. चालेल. प्रत्येक समूहातून एकीच्या फोनमध्ये ॲप असलं तरी पुरे. सध्या फुकटात दहा जणांनाच जोडता येतं, त्यामुळे सगळ्यांना घ्यायचा आग्रहही नको. पण बैठकीत फळा मोठ्याने वाचायचा, जशी बचतीची वही वाचतो तशी. जिच्याकडे फोन नाही तिचंही नाव कार्डाच्या मथळ्यात लिहायचं: ‘शंकरपाळी पॅकिंग’ आणि पुढे त्या ताईचं नाव. फोन नाही म्हणून तिचं काम कमी धरायचं नाही.

‘इंग्रजी येत नाही’. कार्डं मराठीत लिहिता येतात. टाइप करायला वेळ लागत असेल तर कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेवर बोट ठेवून बोला, मराठीत उमटतं. बटणं ओळखायला दोन दिवस लागतील.

‘आमच्याकडे रेंज नाही’. रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर चढते.

काही गोष्टी मात्र जपा. फळा उघडताना संघाच्या नावाचा ईमेल वापरा, कोणाच्या पुतण्याचा नको. दोन जणींना ॲडमिन करा, म्हणजे एक पद सोडून गेली तरी फळा आपलाच राहील. फळा खासगी ठेवा. आधार कार्डाचा फोटो, बँक पासबुक, पासवर्ड, ओटीपी हे त्यावर कधीही टाकायचं नाही. पैशाचा हिशेब आणि ठराव आपल्या वहीतच राहतील, सह्यांसकट. फळा वहीची जागा घेत नाही.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. ऑर्डर संपल्यावर सगळ्यात जास्त कुरबुर वाटपावरून होते. तळणाऱ्या बायका दिसतात. किराणा मोजणारी, चक्कीवर तीन तास थांबणारी, खोके धुऊन पुसणारी दिसत नाही. फळ्यावर तिचंही कार्ड ‘झालं’मध्ये असतं, तारखेसकट. ऑर्डरनंतरच्या बैठकीत ‘झालं’चा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा आणि मग वाटपाला बसा. वाद अगदी संपतील असं मी म्हणत नाही, पण कोणाची मेहनत विसरली जाणार नाही.

हे सगळं करायला ॲपची वाट बघू नका. येत्या बैठकीत भिंतीवर एक जुनं कॅलेंडर उलटं लावा, चार रकाने आखा, कागदाच्या चिठ्ठ्या पिठाच्या खळीने चिकटवा आणि एखादं छोटं काम, हळदीकुंकू असो की पुढचं प्रशिक्षण, त्यावर चालवून बघा. महिनाभर चिठ्ठ्या नीट सरकल्या की मगच मोबाईलवर जा. ॲप शिकवायला सीआरपी ताईला बोलवा. चिठ्ठी सरकवायची सवय मात्र आपली आपणच लावून घ्यायची आहे.