पट्टीवरची रेघ



विषय जाहीर होताच कित्येकांनी आम्हांस विचारले की, बोनस आणि वेतनकरार सोडून हा गृहस्थ बायकांच्या खोलीतली गोष्ट चव्हाट्यावर का मांडतो? आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, लोकांनी आणलेल्या कागदांवरून. हल्ली तेथे कागदांबरोबर असले प्रश्नही येतात.

कुपवाडच्या एका कारखान्यात पोती उचलणाऱ्या एका बाईची पाळी चुकली. जावेकडे बीज सुटण्याचा दिवस ओळखण्याच्या पट्ट्या उरल्या होत्या. त्यांतलीच एक तिने वापरली. फिकट रेघ आली. जाऊ म्हणाली, "दिवस गेले." शेजारीण म्हणाली, "फिकी रेघ म्हणजे काही नाही." दोघी शहाण्या, पण पट्टी मुळी त्या प्रश्नाची नव्हतीच!

स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारे दीड दिवस आधी एल.एच. नावाचे संप्रेरक एकदम वाढते. ते पट्टी दाखविते. गर्भ रुजल्यावर निर्माण होते ते एच.सी.जी. ही दोन द्रव्ये सख्ख्या बहिणींसारखी. दोघींचा अर्धा भाग अगदी एकच, उरलेल्या अर्ध्यातही बरेच साम्य. म्हणून बीजाची पट्टी कधीकधी गर्भालाही 'होय' म्हणते. पण एल.एच. अंगात नेहमीच थोडे असते, तेव्हा तिच्यावर फिकी रेघ दिवस गेलेले नसतानाही उमटते. आणि दिवस गेले असूनही ती गप्प राहू शकते. शिवाय वाचण्याची रीत उलटी आहे. बीजाच्या पट्टीवर शेजारच्या रेघेइतकी गडद रेघ आली तरच होकार. गर्भाच्या पट्टीवर सांगितलेल्या वेळेत आलेली फिकीसुद्धा बहुधा होकारच.

या घोटाळ्यात शास्त्रज्ञही सापडले होते, हे ऐकून आमच्या भगिनींना धीर येईल. 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक हे स्त्रीची लघवी उंदरिणींना टोचून परीक्षा करीत. पुढे बेडूक आले. 1960 नंतर प्राणी मारण्याची गरज सरली, तरी या दोन बहिणींची नीट ओळख पटेना. ती पटली 1972 साली, एच.सी.जी.चा निराळा तुकडा हेरणारी कसोटी अमेरिकेत निघाली तेव्हा. जे प्रयोगशाळांना इतक्या वर्षांनी साधले, ते जावेच्या उरलेल्या पट्टीकडून कसे मागावे?

आता आमचा धंद्याचा मुद्दा. मुंबई कायदेमंडळात 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 साली कायदा झाला. देशाचा कायदा 1961 साली झाला. 2017 साली पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पण जड काम नाकारण्याचा हक्क कायद्यात आहे तो बाळंतपणाआधीच्या सुमारे दहा आठवड्यांपुरता! पहिल्या महिन्यांत बाईने पोते उचलायचे की नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. ती पोकळी करारानेच भरावी लागेल, आणि त्यासाठी बाईला आपली तारीख आधी ठाऊक हवी. लाभासाठी प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरावे लागते. कंत्राटदार हजेरी कोठे तोडतो, हे जाणते लोक ओळखतातच.

त्या बाईस दुसऱ्या दिवशी आशाताईंनी सरकारी 'निश्चय' पट्टी फुकट दिली. दिवस गेलेले होते. यावरून जावेची पट्टी खरी ठरली असे कोणी समजू नये. आंधळ्याने मारलेला दगडही कधी लागतो. ज्या आशाताई ही पट्टी घरोघर नेतात, त्यांना स्वतःच्या मानधनासाठी 2023 साली राज्यभर संप करावा लागला, हेही येथे नोंदवून ठेवतो.

पाळी चुकल्यावर सकाळची पहिली लघवी घ्यावी. 'नाही' आले आणि पाळीही आली नाही, तर काही दिवसांनी पुन्हा पाहावे. 'होय' आले आणि पोटात एका बाजूस कळ, रक्तस्राव किंवा घेरी असेल, तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी थेट सरकारी रुग्णालय गाठावे. मूल नको असेल तर दुकानातून गोळ्या आणू नयेत, डॉक्टरांकडे जावे. 1971 चा कायदा आणि 2021 ची दुरुस्ती तिच्या बाजूस आहे. सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.