पदवी, लेखणी आणि छापखाना



जळगाव येथे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. ज्यांना आयुष्यभर लिहिता-वाचता आले नाही, त्यांचे नाव आज त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीपत्रावर येते. या घटनेत गौरव आहे, तसाच उपरोधही आहे. आणि तो उपरोध समजून घेतल्याखेरीज आजच्या विषयाचा उलगडा होणार नाही.

लिहू इच्छिणाऱ्या तरुणांच्या मेळाव्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. लेखन छापून यावे यासाठी पदवी लागते काय? विचारणारा बहुधा कारखान्यात पाळीवर जाणारा, शेतात राबणारा किंवा अर्ध्यावरच शाळा सुटलेला असतो. त्याचा प्रश्न साधा दिसतो. परंतु ज्ञानाच्या साधनांवर मालकी कोणाची, हा समाजवादी चळवळीचा जुना प्रश्नच त्याच्या मुळाशी आहे.

पहिले उत्तर मराठी साहित्याचा इतिहास देतो, आणि ते स्पष्टपणे नकारार्थी आहे. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दीड दिवसाची, असे सांगितले जाते. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके हीच त्यांची पाठ्यपुस्तके झाली. त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविले. शाळेत शिपायाचे काम केलेल्या या कवीचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली आला. पुढच्या, १९६६ सालच्या, संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कोणत्याही संपादकाने अथवा वाचकाने या दोघांना प्रमाणपत्र मागितले नाही.

येथेच थांबणे सोयीचे आहे, आणि पुष्कळ जण येथेच थांबतात. प्रतिभेला शाळा लागत नाही, असे म्हणून सभागृहात टाळ्या मिळविता येतात. पण या उदाहरणांकडे थोडे अधिक बारकाईने पाहिले, तर चित्र बदलते.

बहिणाबाईंच्या ओव्या शेतात आणि जात्यावर जन्मल्या. त्या कागदावर उतरल्या, कारण त्यांचे पुत्र सोपानदेव शिकलेले होते, स्वतः कवी होते. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्रे यांना दाखविल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. आईला शाळा नव्हती, परंतु मुलाला होती. मुलगाही निरक्षर राहिला असता, तर खानदेशच्या मातीबाहेर ते शब्द कोणाच्या कानी पडले असते? लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत; विवाहानंतर पतीने, रेव्हरंड टिळकांनी, त्यांना अक्षरे शिकविली, म्हणून ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली. अण्णाभाऊंच्या मागे कामगार चळवळ उभी होती. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तेथे त्यांना सहकारी मिळाले, चर्चा मिळाली, आणि मुख्य म्हणजे समोर बसलेला श्रोता मिळाला.

तेव्हा शिक्षण लागलेच. ते पदवीच्या रूपात आले नाही, एवढेच. कोठे मुलाच्या, कोठे पतीच्या, तर कोठे पक्षाच्या आणि संघटनेच्या रूपाने ते आले. ज्यांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, त्यांची नावे घेता येत नाहीत. कारण ती कोठे नोंदलीच गेली नाहीत. अपवादांची यादी वाचताना ही न लिहिली गेलेली यादी दृष्टीआड होता कामा नये.

आता दुसरी बाजू. शिक्षण असले म्हणजे छापून येते काय? यासाठी १८५५ या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले, आणि ते नाकारले गेले. ते छापून वाचकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. अल्पशिक्षित बालिकेचा निबंध छापला गेला आणि तिच्या शाळेच्या संस्थापकाचे नाटक बाहेर राहिले. निर्णायक ठरले ते लेखकाचे शिक्षण नव्हे. एका ठिकाणी पत्र मिशनऱ्यांच्या हाती होते आणि दुसऱ्या ठिकाणी समितीवर उच्चवर्णीयांचा प्रभाव होता, यावर सारे अवलंबून राहिले. शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा आहे, हे ज्या नाटकाचे सांगणे, तेच नाटक शिकलेल्यांनी दाबून ठेवले!

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर पुस्तक ही प्रतिभेबरोबरच भांडवलाचीही निर्मिती असते. मराठी पुस्तकाची आवृत्ती आजही बहुधा पाचशे ते हजार प्रतींची निघते. कागद, छपाई आणि वितरण यांचा खर्च त्या थोड्या प्रतींवर पडतो; म्हणून नवख्या लेखकाला घेताना प्रकाशक कचरतो. अशा वेळी पदवीची चौकशी सहसा होत नाही. ‘खर्चाचे काय करता?’ एवढेच विचारले जाते. ज्याच्या घरी पगार येतो तो या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. रोजंदारीवरचा मनुष्य हस्तलिखित पिशवीत घालून परत जातो.

दुसरे भांडवल फुरसतीचे. फलटणच्या बेबीताई कांबळे लहानसे दुकान चालवीत. पुडी बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद वाचून त्यांनी वाचनाची भूक भागविली आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून त्या लिहीत राहिल्या. ते लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. त्यांची अडचण शिक्षणापुरती नव्हती. स्वतःचा म्हणता येईल असा एक तासही घरात मिळत नव्हता, आणि बाईने लिहावे हे घराला मान्य नव्हते. कष्टकरी स्त्रीच्या लेखनाचा विचार या तासापासून सुरू केला पाहिजे.

तिसरी अडचण भाषेची. खेड्यातला तरुण आपल्या बोलीत लिहितो, ऱ्हस्व-दीर्घ चुकवितो, आणि पहिल्याच ओळीवर त्याचे लेखन बाजूला ठेवले जाते. शुद्धलेखन सुधारण्यासाठी मुद्रितशोधक असतो. अनुभव पुरविणारा कोणी पगारी नोकर मिळत नाही. बहिणाबाईंची बोली प्रमाणभाषेत ‘सुधारली’ गेली असती, तर त्या कवितांतले काय उरले असते, याचा विचार प्रत्येक संपादकाने करावा.

मग शाळा-महाविद्यालयांचे काय? त्यांना कमी लेखण्याचा मोह टाळला पाहिजे. औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय स्थापन केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. त्याच्या परिसरात दलित साहित्याची एक पिढी वाढली. तेथे अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दीर्घकाळ चालविले, आणि ज्यांना इतरत्र दार बंद होते अशा कितीतरी नवख्या लेखकांना तेथे प्रथम जागा मिळाली. महाविद्यालयाने प्रतिभा घडविली, असा दावा कोणी करणार नाही. पण तेथे संपादक घडला, वाचक घडले, वाद घालणारे मित्र मिळाले. औपचारिक शिक्षणाचे साहित्याला खरे देणे हेच आहे.

म्हणून या प्रश्नाला दोन उत्तरे एकाच वेळी द्यावी लागतात. लेखकाच्या अंगी पदवी असलीच पाहिजे, असे म्हणणाऱ्यास अण्णाभाऊंकडे बोट दाखवून गप्प करावे. परंतु अण्णाभाऊंना कोठे शाळा होती, असे म्हणत गावची शाळा बंद करावयास, शुल्क वाढवावयास किंवा शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवावयास जो निघेल, त्यालाही तितक्याच ठामपणे अडवावे. वंचितांनी शिक्षणावाचून काय साधले, याचे कौतुक त्यांचे शिक्षण हिरावणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. गावचे ग्रंथालय संध्याकाळी, कामावरून माणसे परतल्यावर, उघडे राहते की नाही हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने राबविली. तिची माहिती तालुक्याच्या गावापलीकडे पोहोचवावी. रात्रशाळा टिकवाव्यात. नियतकालिकांनी नाकारलेले लेखन परत करताना दोन ओळींचे कारण लिहावे. त्या दोन ओळी पुष्कळदा वर्षाच्या अभ्यासक्रमाचे काम करतात. आज मोबाइलवरून मजकूर कोणालाही चार लोकांपुढे ठेवता येतो, ही सोय मोठी आहे. पण चूक दाखविणारा संपादक आणि पदरमोड करून छापणारा प्रकाशक त्यामुळे अनावश्यक झालेला नाही.

आणि ज्या तरुणाने प्रश्न विचारला, त्याला सरळ सांगावे: पदवीसाठी थांबू नकोस, पण वाचन सोडू नकोस. लिहिलेले चार जणांत वाचून दाखव, सांगतील ते ऐकून घे, पुन्हा लिही. शेजारच्या आजीला ओव्या येत असतील आणि तुला अक्षरे येत असतील, तर आज रात्रीच वही घेऊन तिच्यापाशी बस. सोपानदेवांनी केले ते काम प्रत्येक गावात अजून शिल्लक आहे, आणि त्यासाठी चौथीपर्यंतची शाळाही पुरेशी आहे.