संस्थेबाहेरचें पहिलें वर्ष

अनाथ बालकांचा प्रश्न पुण्याला नवा नाहीं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं येथेंच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. ही हकीकत औदार्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु यशवंताला नुसता निवारा मिळाला नव्हता. नांव, पत्ता आणि शिक्षण पुरें होईपर्यंत पाठीशीं उभें राहणारें घर मिळालें होतें.

आज बालगृहांत वाढणाऱ्या मुलाची अडचण नेमकी येथें सुरू होते. अठरा वर्षें पुरीं झालीं, कीं त्याला बालगृह सोडावें लागतें. घरांतल्या मुलाचें काम सुटलें किंवा त्याला ताप आला, तरी रात्रीचें जेवण चुकत नाहीं. संस्थेंतून निघालेल्याला मात्र खोली, काम आणि जेवण एकदमच शोधावें लागतें. खोलीसाठीं अनामत हवी. ती पगारांतून द्यावी म्हटलें, तर नोकरीच्या अर्जावर आधीं पत्ता हवा. शिवाय ओळखीच्या दोन गृहस्थांचीं नांवें द्यावयाचीं तीं कोणाचीं? अशा फेऱ्यांत चांगला हुशार मुलगाहि शिकाऊ कारागिराची जागा सोडून रोजंदारी पत्करतो. कारण विद्यावेतन महिन्याअखेर मिळतें आणि भूक तोंवर थांबत नाहीं.

कायदा अगदींच उदासीन आहे, असें नाहीं. २०१५ च्या बालन्याय अधिनियमांत संस्था सोडणाऱ्यांस अर्थसाहाय्याची तरतूद आहे. अनुरक्षणाची ही सोय एकविसाव्या, व अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत मिळूं शकते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेंत त्यासाठीं दरमहा ४००० रुपये ठरले आहेत. पुण्यांत ज्यांनीं अलीकडे भाड्याची खोली शोधली असेल, त्यांना या आंकड्याचें वजन सांगावयास नको! २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें अनाथांसाठीं शिक्षणांत व सरकारी नोकऱ्यांत १ टक्का आरक्षण ठेवलें. तेंहि अनाथत्वाचा दाखला असणाऱ्यांसच. आई हयात आहे पण सांभाळूं शकत नाहीं, म्हणून जो संस्थेंत आला, त्याला तें नाहीं.

जुन्या पुण्यांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. त्या पद्धतींत मिंधेपणा होता, जातीची अटहि होती. ती परत यावी असें कोणी म्हणणार नाहीं. तरी त्या विद्यार्थ्याला नांवानें ओळखणारीं सात घरें शहरांत असत, आणि पुढें नोकरीसाठीं शब्द टाकणारा कोणी त्यांतूनच निघे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आज शिकाऊ मुलांस जागा आहेत. उणीव आहे ती अनामत भरून तीन महिन्यांत हप्त्यांनीं परत घेणाऱ्याची, अर्जावर ओळखीचा म्हणून सही करणाऱ्याची, आणि मुलगा दोन दिवस कामावर दिसला नाहीं, तर खोलीवर जाऊन चौकशी करणाऱ्याची.